शुक्रवारची टेप

आधीच सांगून टाकते — मी लॉग वाचून पोट भरणारी बाई आहे. नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत सिस्टिम ॲडमिन म्हणून बरीच वर्षं काम करते. सर्व्हर का बसला, फाईल कुठे गेली, बॅकअप अर्धवट का राहिला... मशीन प्रत्येक गोष्ट कुठेतरी लिहून ठेवत असतं. ते शोधायचं, शांतपणे वाचायचं, कारण सापडतं. आजवर सापडत आलंय. त्यामुळे घरात कोणी ‘अमक्याला तमकं दिसलं’ सुरू केलं की मी चहा टाकायला म्हणून उठते. सासूबाई मला तोंडावर नास्तिक म्हणतात. तसं काही नाही, देवाला मी जाते. मला फक्त प्रत्येक गोष्टीमागचं कारण लागतं, एवढंच.

या एका गोष्टीचं कारण मला सापडलं नाही. आणि ज्या माणसाबद्दल ती आहे, त्यांच्याबद्दल कुठेतरी लिहावं असं फार दिवस मनात होतं.

ते माझे साहेब — पगार सर. पगार हे आडनाव. बागलाणात, सटाण्याकडे या आडनावाची बरीच घरं आहेत, पण मला तेव्हा काय माहीत! नोकरीच्या पहिल्या दिवशी गेटवर विचारलं तर वॉचमन म्हणाला, “जिन्याने वर जा, पगार मिळतील.” मी म्हटलं, “अहो, मी तर आजच जॉइन होतेय.” हा किस्सा सरांनी पुढे कंपनीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगितला. दर वेळी पहिल्यांदा सांगत असल्यासारखे हसायचे.

आमची कंपनी इलेक्ट्रिक पॅनेलचे सुटे भाग बनवते. तेव्हा सर्व्हर म्हणजे एका खोलीत टेबलाखाली ठेवलेली दोन मशीन्स होती. सर आणि मी, एवढंच आमचं डिपार्टमेंट. मी नुकतीच कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आलेली, पुस्तकातलं सगळं पाठ आणि हाताला काहीच येत नाही अशी. सरांनी मला हाताला धरून शिकवलं. स्क्रिप्ट लिहायला तर त्यांनीच शिकवलं. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला एकदाच लिहून दिलेल्या सूचना. मग रोजचं तेच ते काम ते आपलं आपण करतं. सर म्हणायचे, “जे काम तू तिसऱ्यांदा हाताने करतेयस, ते तुझं नाही, मशीनचं आहे. त्याला देऊन टाक.”

त्यांच्या स्क्रिप्टना गावांची नावं असायची. हिशेबाच्या डेटाचा बॅकअप घ्यायची ती ‘सटाणा’. ड्रॉइंग्ज गोळा करायची ती ‘ताहाराबाद’. आणि हे सगळं एकत्र करून टेपवर लिहायची ती ‘मुल्हेर’. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, “आमची एसटी अशीच जाते. सटाण्याहून ताहाराबाद, मग मुल्हेर. एक गाव आल्याशिवाय पुढचं येत नाही.” स्क्रिप्टच्या मध्ये मध्ये ते इंग्रजी अक्षरांत अहिराणीत टिपा लिहायचे. एखाद्या नाजूक ओळीच्या वर लिहिलेलं असायचं — ‘आठे हात लावू नको’. मला अहिराणी यायची नाही, पण एवढं समजायचं! आणि मुल्हेरचं काम नीट संपलं की स्क्रीनवर शेवटी एक ओळ यायची : ‘व्हई गयं. आते घर जा.’ झालं, आता घरी जा. ती ओळ आली की आम्ही खरोखरच डबे उचलायचो आणि निघायचो.

आता टेपबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. टेप म्हणजे जुन्या गाण्यांच्या कॅसेटसारखीच, फक्त जाड आणि चौकोनी. तिच्यावर अख्ख्या कंपनीचा डेटा मावतो. ती ज्या यंत्रात घालायची त्याला ड्राइव्ह म्हणतात. आमच्याकडे चार टेपा होत्या. सरांनी त्यांना रंगीत स्टिकर लावले होते — लाल, निळी, हिरवी, पिवळी — आणि सॉफ्टवेअरमध्येही तीच नावं दिली होती. दर शुक्रवारी पुढच्या रंगाची पाळी. लिहून झालं की ड्राइव्ह टेप बाहेर ढकलतं, आणि ती तशीच अर्धी बाहेर राहते. ती काढून शेजारच्या फडताळात ठेवायची आणि पुढची आत सरकवायची, हे मात्र माणसानेच करावं लागतं. बाकी सगळं सरांनी स्क्रिप्टवर सोपवलं होतं. हे एकच काम सोपवता येण्यासारखं नव्हतं.

आणि हे ड्राइव्ह अंबडला नव्हतंच. ते होतं सिन्नरला. तिथल्या एमआयडीसीत आमचं दुसरं, छोटं युनिट होतं. इथे आग लागली, पाणी शिरलं, काहीही झालं तरी एक प्रत लांब सुरक्षित असावी, म्हणून सरांनी हट्टाने ते तिथे बसवलं होतं. नेटवर्कवरून डेटा तिकडे जायचा, आणि शुक्रवारी दुपारी जेवण झालं की टेप बदलायला सर स्वतः सिन्नरला जायचे. सुरुवातीची काही वर्षं मीही बरोबर जायचे, शिकायला म्हणून. कंपनीची जीप मोकळी असली तर जीप, नाहीतर नाशिकच्या द्वारका चौकातून एसटी. नाशिकरोड, शिंदे, मोहदरीचा घाट... खिडकीशी बसून सर त्यांच्या गावच्या गोष्टी सांगायचे. डाळिंबाच्या बागा, आईच्या हातचे मांडे, मुल्हेरच्या किल्ल्यावर शाळेची सहल. काम आटोपलं की सिन्नरच्या स्टँडवर कागदाच्या पुडीत भत्ता, म्हणजे तिथला तिखट चिवडा, घ्यायचा, आणि तो नाशिकरोड येईपर्यंत पुरवून खायचा. त्यात मला कधी दाणे मिळायचे नाहीत. दाणे सर वेचून संपवायचे!

दर महिन्याला ते मुद्दाम एखादी फाईल उडवायचे. बहुतेक वेळा माझीच. “आण परत,” म्हणायचे. मी वैतागायचे. “अहो सर, माझं आठवड्याचं काम होतं त्यात!” “मग तर तू मन लावून आणशील. परत आणून दाखवलं नाही तोवर मी त्याला बॅकअप म्हणत नाही.”

असे दिवस होते ते. पुढे टेबलाखालची मशीन्स जाऊन एसीची खोली आली, कपाटभर सर्व्हर आले, माझं लग्न झालं, मुलगी झाली, तिचे दात आले, पडले, पुन्हा आले... सर मात्र शुक्रवारी सिन्नरला जातच राहिले.

मग एका सकाळी दाढी करताना सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू पूर्ण गेली. मी हॉस्पिटलमध्ये गेले तर काकूंनी — सरांच्या मिसेस, लासलगावच्या माहेरवाशीण, अत्यंत खंबीर बाई — पदराला बांधलेला किल्ल्यांचा जुडगा सोडून माझ्या हातात दिला. “हे कंपनीचं गं, मनीषा. यांच्या पँटच्या खिशात होतं.” त्यात सिन्नरच्या त्या खोलीचीही किल्ली होती. त्या कुलपाला दुसरी किल्ली नव्हती. मी जुडगा अंबडला माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

सर वाचले, पण अंथरुणाला खिळले. आणि एक विचित्र गोष्ट झाली. त्यांचं बोलणं हळूहळू परत आलं, पण मराठी नाही आलं, इंग्रजी तर अजिबातच नाही. फक्त अहिराणी! डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, लहानपणची भाषा शाबूत राहते. काकूंना सासूमुळे अहिराणी नीट कळायची, त्यामुळे मी भेटायला गेले की त्या मध्ये बसून सांगायच्या.

त्याच सुमारास कंपनीने सिन्नरचं युनिट बंद करून सगळं अंबडला आणलं. तिकडे रिकामी शेड आणि गेटवर एक वॉचमन, एवढंच राहिलं. नवं बॅकअप सॉफ्टवेअर आलं. सगळा बॅकअप इथेच मोठ्या डिस्कवर. टेप बंद, असं मीटिंगमध्ये ठरलं. सिन्नरच्या खोलीतलं सरांचं जुनं लिनक्सचं मशीन आणि ड्राइव्ह कोणी आणायला गेलं नाही. शेडचा सौदा होईल तेव्हा सगळं एकदमच आणू, असं ठरलं होतं. नेटवर्कची लिंकही चालूच राहिली. दर शुक्रवारी संध्याकाळी ‘मुल्हेर’ सुरू होत असणार, नवी टेप नाही म्हणून थांबत असणार, हे मला माहीत होतं. तिचे मेल सरांच्या मेलबॉक्सवर जायचे, आणि तो बंद झाला होता. स्क्रिप्ट काढून टाकायला मला काही जड नव्हतं. पण सरांचं शेवटचं चालू असलेलं काहीतरी होतं ते... राहू दिलं.

दीडएक वर्ष गेलं. एका सोमवारी सकाळी ऑफिसला पोचते तो डिझाइनचे लोक माझ्या दाराशी उभे. “मॅडम, ड्रॉइंग उघडत नाहीये.” एक नाही, कोणाचंच. प्रत्येक फाईलच्या नावापुढे भलतीच अक्षरं, आणि स्क्रीनवर धमकीचा मजकूर. रॅन्समवेअर... बाहेरून कोणीतरी शिरून सगळा डेटा कुलूपबंद केला होता. मी धावत बॅकअपच्या डिस्ककडे गेले. तीही गेली होती. ती त्याच नेटवर्कवर होती ना.

वीसएक वर्षांची ड्रॉइंग्ज, डायची मापं, ऑर्डरी, कामगारांचे रेकॉर्ड. ते नसतील तर शॉपफ्लोअरवरची मशीन्स नुसती उभी राहणार होती. आमचे एमडी साहेब एरवी आवाज चढवणारा माणूस, ते त्या दिवशी अगदी हळू आवाजात म्हणाले, “मनीषा मॅडम, काहीच नाही का हो कुठे?”

तेव्हा मला सिन्नर आठवलं. सरांनी आजारी पडण्याआधी शेवटची घातलेली टेप तिथे असणार. दीड वर्ष जुना डेटा... पण काहीच नसण्यापेक्षा बरं. आणि टेप बाहेर निघालेली असली तर तिला कोणी नेटवर्कवरून हात लावू शकत नाही. किल्ली घेतली आणि कंपनीच्या गाडीने निघाले. मोहदरीचा घाट चढताना मला उगाचच रडायला आलं.

गेटवर वॉचमन खंडूभाऊ. मी विचारलं, “इथे कोणी येतं का हो आत?”

“नाय मॅडम, हितं कोन येतंय? मी आल्यापासनं ती खोली उघडलेली बघितलीच नाय.”

तो खोटं बोलत नव्हता. किल्ली कुलपात फिरेचना. कुलूप आतून पार गंजलेलं. खंडूभाऊंनी तेल आणलं, दगडाने चारदोन वेळा ठोकलं, तेव्हा कुठे ते निघालं. दार उघडल्यावर कोंदट वास आला. फरशीवर धुळीचा थर होता, सलग... जसं कोणी पीठ चाळून पसरावं. त्यात पहिली पावलं माझी उमटली. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण त्या वेळी मी त्याकडे नीट बघितलं होतं. कोळ्यांची जाळी लोंबत होती म्हणून वाकून, खाली बघत चालले होते.

कोपऱ्यात मशीनचा हिरवा दिवा चालू होता. ड्राइव्हवर मात्र धूळ नव्हती. पुसल्यासारखं स्वच्छ. सर जुन्या बनियनच्या फडक्याने पुसायचे ना, तसं. आणि त्यातून अर्धी बाहेर आलेली टेप होती हिरवी.

सरांनी शेवटची घातलेली टेप लाल होती. मला पक्कं आठवतं, कारण त्याच आठवड्यात लाल टेपचं स्टिकर निघालं म्हणून मी नवीन लावून दिलं होतं.

मी तिथे काही विचार केला नाही, खरं सांगते. तेवढी फुरसत नव्हती. मशीन, ड्राइव्ह, चारही टेपा गाडीत घातल्या आणि अंबडला आणल्या. हिरवी टेप सरकवली, तिच्यावर काय आहे ते सॉफ्टवेअरला विचारलं. उत्तर आलं — मागच्या शुक्रवारचा पूर्ण बॅकअप. मला वाटलं मशीनचं घड्याळ चुकलंय. एक फाईल परत आणून उघडली. शुक्रवारी दुपारी डिझाइनमधल्या एका मुलीने केलेलं ड्रॉइंग होतं ते. ती शेजारीच उभी होती. “अय्या, हे माझं!” असं ओरडली.

सगळं परत यायला पुढचा अख्खा दिवस लागला. स्क्रिप्ट सरांचीच वापरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बरेच लोक माझ्या मागे उभे असताना, स्क्रीनवर ती ओळ आली — ‘व्हई गयं. आते घर जा.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला स्क्रीन दिसेनाशी झाली होती.

मग धावपळ ओसरल्यावर मी लॉग वाचायला बसले. दीड वर्षाचा लॉग. एकही शुक्रवार चुकलेला नाही. लाल, निळी, हिरवी, पिवळी, पुन्हा लाल... प्रत्येक शुक्रवारी दुपारी टेप बदलल्याची नोंद, संध्याकाळी बॅकअप पूर्ण. लाइट जाऊन आली तर अर्धी बाहेर असलेली टेप कधी कधी परत आत ओढली जाते, हे मला माहीत आहे. पण ती तीच टेप असते. फडताळातली दुसरी टेप उचलून कोण आणणार? सिन्नरच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचं जेवढं रेकॉर्डिंग शिल्लक होतं तेवढं बघितलं. खंडूभाऊ, एक कुत्रं, कधीतरी शेड बघायला आलेली गिऱ्हाइकं. तीही बाहेरूनच बघून गेलेली. ड्राइव्हच्या सर्व्हिस इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, तुमचाच कोणीतरी माणूस जात असणार. चौकशी करा.”

रविवारी सरांकडे गेले. त्यांचा फ्लॅट पाथर्डी फाट्याजवळ. सर पलंगावर, उशांना टेकून. चेहरा वाळलेला, पण मला बघून डोळे हसले. “कव्हय उनी? बठ,” म्हणाले. कधी आलीस, बस. मी त्यांना सगळी हकिकत सांगितली — हल्ला, डिस्क गेली, आणि तुमच्या टेपने कंपनी वाचवली. ते मान डोलावत राहिले. आश्चर्य वाटल्यासारखं काही दिसलं नाही. मग त्यांचा डोळा लागला.

स्वयंपाकघरात काकू चहा ओतत होत्या. मी सहज म्हटलं, “काकू, टेप कोण बदलत होतं तेच कळत नाहीये.” काकूंचा हात थांबला.

“मनीषा, तुला सांगू का... हसू नकोस. हे दर शुक्रवारी जेवण झालं की अस्वस्थ होतात. मग एकदम गाढ झोपतात. हाक मारली तरी उठत नाहीत गं, एरवी वाटीचा आवाज झाला तरी जागे होतात. आणि जाग आली की म्हणतात, ‘सिन्नरले जाई उनू.’ सिन्नरला जाऊन आलो. मी म्हणायची, हो हो, आलात ना, पाणी घ्या. पण अंग घामाने भिजलेलं असतं, आणि पाय दाबून मागतात. ज्या पायाला संवेदनाच नाही, तो दुखतो म्हणतात. थकतात गं फार. शनिवारभर जेवत नाहीत.”

मी चहा प्यायले की नाही ते आठवत नाही.

माझ्यातली लॉग वाचणारी बाई मात्र गप्प बसेना. एमडी साहेबांनी टेप पुन्हा सुरू करायला सांगितलंच होतं. मी मशीन आणि ड्राइव्ह सिन्नरला परत नेऊन लावलं. जुनं कुलूप फेकलं, नवं लावलं, किल्ल्या माझ्या पर्समध्ये. पाळी पिवळीची होती. ती मी मुद्दाम आत घातली नाही, फडताळावर ठेवली. ड्राइव्हमध्ये अर्धी बाहेर आलेली हिरवीच राहू दिली. आणि शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून सरांच्या पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसले. मांडीवर लॅपटॉप, त्यावर सिन्नरच्या मशीनची स्क्रीन. ‘ड्राइव्ह : रिकामं.’

बाहेर लख्ख ऊन होतं. खाली कोणीतरी भाजीवाल्याशी भाव करत होतं. काकू पलंगाच्या पायथ्याशी मेथी निवडत बसल्या होत्या. सरांनी दोन घास भात खाल्ला, थोडी चुळबुळ केली, माझ्याकडे बघितलं, आणि झोपले. मी हाक मारली. “सर... सर?” काही नाही. श्वास संथ, खोल.

मी स्क्रीनकडे बघत होते. किती वेळ गेला ते माहीत नाही. काकूंची मेथी निवडून झाली होती आणि त्या देठं गोळा करत होत्या. सरांच्या कपाळावर घामाचे थेंब आले. चादरीवरचा उजवा हात, जो दीड वर्ष हलला नव्हता, त्याची बोटं जवळ आली. चिमटीत काहीतरी धरावं तशी. आणि हात अगदी थोडा पुढे सरकला.

स्क्रीनवर ओळ बदलली. ‘ड्राइव्ह : टेप आत घेत आहे.’ मग, ‘पिवळी. तयार.’

मी काकूंकडे बघितलं. त्यांनाही तो हात दिसला होता. भीती वाटली का, असं मला नंतर नवऱ्याने विचारलं. नाही वाटली. समोर सर होते ना. भीती कशी वाटेल? मला फक्त मोहदरीचा घाट दिसत होता, आणि त्या घाटातून एकटाच, घामाघूम होऊन चालत येणारा माणूस.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते. काकूंनी चमच्याने पाणी पाजलं.

“जाई उनू,” ते म्हणाले. जाऊन आलो.

मी त्यांचा तो उजवा हात धरला. गार होता. म्हटलं, “सर, पिवळी लागली. मी बघितलं. सगळं बरोबर आहे.” त्यांनी मान हलवली. मग मी म्हटलं, “सर, आता तुम्ही नका जाऊ. पुढच्या शुक्रवारपासून मी जाईन. मी स्वतः. दुसऱ्या कोणावर सोडणार नाही. परत आणूनसुद्धा बघेन दर महिन्याला. तुम्ही शिकवलंय तसंच.”

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी फाईल परत आणली की ती खरीच उघडते का हे बघताना जसे बघायचे, तसे. मग हळूच म्हणाले, “मंग मी जपू?”

मला वाटलं ते सांभाळण्याबद्दल काही म्हणतायत... जपू, म्हणजे डेटा जपू. मी म्हटलं, “नाही सर, मी जपेन आता.”

काकूंनी पदर डोळ्याला लावला. “अगं, अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं. ते विचारतायत, मग मी झोपू का?”

मी म्हटलं, “हो सर. झोपा.”

त्यानंतरच्या शुक्रवारी मी सिन्नरला गेले. पिवळी अर्धी बाहेर आलेली होती, लाल फडताळावर तशीच माझी वाट बघत पडलेली. संध्याकाळी काकूंचा फोन आला — आज दुपारी हे जागेच होते, रेडिओ ऐकत होते, घाम नाही, काही नाही, आणि पोटभर जेवले. पुढचे काही महिने सर तसेच शांत होते. मग थंडीत, एका सकाळी, झोपेतच गेले. काकू सटाण्याला दिराकडे राहतात आता. अधूनमधून फोन होतो. त्या दुपारबद्दल आम्ही दोघी आजही बोलत नाही.

त्या लॉगची प्रत माझ्याकडे आहे. कंपनीबाहेरच्या दोन जाणकार मित्रांना दाखवली. एकाने घड्याळावर शंका घेतली, दुसऱ्याने माझ्यावर. मला कोणाचाच राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. हे कसं झालं, मला सांगता येत नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या दुपारनंतर सिन्नरच्या त्या खोलीत जी जी टेप आत गेली, ती माझ्याच हाताने गेली. आणि एखाद्या शुक्रवारी मला आजारपणामुळे जाता आलं नाही, तेव्हा ती गेली नाही.